‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

सोनोग्राफीच्या पडद्यावर काळा रंग दोन कारणांनी उमटतो. ध्वनी आत गेला आणि वाटेत त्याला परतवणारं काही भेटलंच नाही, तर तेवढी जागा काळी दिसते. भरलेलं मूत्राशय, पित्ताशयातलं पित्त, बाळाभोवतीचं पाणी हे असं काळं दिसतं. आणि ध्वनी तिथवर पोचलाच नाही, तरीही जागा काळीच दिसते. पित्ताशयातल्या खड्याच्या मागे अशी काळी पट्टी पडते, कारण खडा जवळजवळ सगळा ध्वनी अडवतो आणि पलीकडे काय आहे ते कळायला वाट उरत नाही. पहिल्या काळ्यात ‘इथे घन असं काही नाही’ हे ज्ञान आहे. दुसऱ्या काळ्यात ज्ञानच नाही. पडद्यावर मात्र दोन्ही शेजारी शेजारी असतात, एकाच रंगाचे.

ओळखायची खूण आहे. पाण्यामागची भिंत आजूबाजूपेक्षा उजळ उमटते, कारण पाण्यातून जाताना ध्वनी फारसा क्षीण झालेला नसतो. म्हणजे पाण्याचा काळा हा काळा आहे म्हणून विश्वासाचा नाही. त्याच्या पलीकडून बातमी आली, म्हणून तो विश्वासाचा. खड्यामागच्या काळ्यातून अशी कुठलीच बातमी येत नाही.

मी वाईला सोनोग्राफी करते. माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग कोणता असं कोणी विचारलं, तर ‘काही नाही’ आणि ‘काही कळलं नाही’ यांची गल्लत होऊ न देणं, हाच. हा प्रश्न मला वैद्यकाच्या शिक्षणात भेटला त्याच्या कितीतरी आधी घरात भेटला होता. अण्णा, माझे वडील, शाळेत संस्कृत शिकवत. लहानपणी ते प्राज्ञपाठशाळेत शिकलेले, केवलानंद सरस्वती आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या परंपरेतले. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी माझ्याकडून अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह पाठ करून घेतला. सतराव्या शतकातलं हे न्यायशास्त्राचं बालबोध पुस्तक. त्याच्या सुरुवातीलाच सात पदार्थ सांगितले आहेत : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि सातवा अभाव. जे नाही, त्याचं नसणं हीसुद्धा जगात नोंदवण्याजोगी एक गोष्ट आहे, हे मला तेव्हा फार विलक्षण वाटलं होतं. आजही वाटतं.

नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण असं : समोरच्या जमिनीवर घट नाही, हे मला कसं कळतं? घट दिसत नाही म्हणून कळतं, हे उत्तर अपुरं आहे. खोलीत अंधार असेल तर घट असूनही दिसणार नाही. डोळ्यांत दोष असेल तरीही नाही. आणि त्याच जमिनीवर पिशाच नाही असं म्हणायचं असेल, तर डोळ्यांचा काहीच उपयोग नाही, कारण पिशाच असतं तरी ते डोळ्यांना दिसण्याजोगं मानलेलं नाही. तेव्हा नैयायिकांनी अट घातली. ती वस्तू तिथे असती तर दिसली असती, अशी परिस्थिती आधी सिद्ध झाली पाहिजे. मगच तिचं न दिसणं हा तिच्या नसण्याचा पुरावा होतो. याला ते योग्यानुपलब्धी म्हणतात. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानलं, नैयायिकांनी तिला प्रत्यक्षाची साहाय्यक ठरवलं, आणि त्यावर शतकानुशतकं वाद झाले. पण ‘असती तर दिसली असती’ ही अट दोघांनाही हवीच होती.

या अटीवर जीव टांगलेला असतो, हे मी सोनोग्राफीच्या खोलीत शिकले.

गर्भारपणाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात बाई येते. आमच्याकडे तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : ठोके आले का? त्या वेळी गर्भ काही मिलिमीटरचा असतो आणि हृदय म्हणजे पडद्यावरची एक बारीक लुकलुक. ती दिसली तर प्रश्न मिटला. दिसली नाही तर? ठोके थांबलेत, की अजून सुरू व्हायचेत, की सुरू आहेत पण एवढ्या लहान आकारात आमच्या यंत्राला पकडता येत नाहीत? आम्ही शिकत होतो तेव्हा पुस्तकांत असं असायचं की गर्भाची लांबी ५ मिलिमीटर झाली आणि ठोके नाहीत, किंवा गर्भाभोवतीची पिशवी सरासरी १६ मिलिमीटरची झाली आणि आत गर्भ नाही, तर हे गर्भारपण पुढे जाणार नाही. पुढे लक्षात येत गेलं की ही रेघ फार अलीकडे ओढली गेली आहे. दोन डॉक्टरांच्या मापात थोडा फरक पडतोच, आणि काही गर्भ या रेघेपलीकडे जाऊनही नंतर नीट वाढलेले आढळले. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांची एक बैठक झाली आणि तिचे निकष २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ ७ मिलिमीटर किंवा अधिक आणि ठोके नाहीत, अथवा पिशवी २५ मिलिमीटर किंवा अधिक आणि आत गर्भ नाही, तरच ‘नाही’ म्हणायचं. त्याच्या अलीकडे असेल तर थांबायचं, काही दिवसांनी पुन्हा पाहायचं.

तो लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा मला अण्णांचा आवाज ऐकू आला. ‘असता तर दिसला असता’ हे कोणत्या आकारापासून खरं मानायचं, याचीच ती चर्चा होती. ज्यांनी ते निकष बसवले त्यांनी कदाचित अन्नंभट्टाचं नावही ऐकलं नसेल. पण ते ज्या प्रश्नावर बसले होते, तो अगदी त्याच जातीचा होता.

आमच्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस काम चुकलं की खाडा. अशीच एक बाई एकदा जावेला घेऊन आली. आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे ‘पिशवी रिकामी आहे, साफ करून घ्या’ असं सांगितलेलं. मी आतून पाहिलं. पिशवी १८ मिलिमीटर. आत गर्भ दिसत नव्हता. जुन्या रेघेच्या पलीकडे आणि नव्या रेघेच्या बरीच अलीकडे. मी म्हटलं, “ताई, आज मला नाही म्हणता येत. दोन आठवड्यांनी या, पुन्हा बघू.”

ती म्हणाली, “आजच काय हाय ते सांगा मॅडम. पुन्हा यायचं म्हणल्यावर खाडा पडतो.”

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. माझ्या खोलीत ‘थांबू’ म्हणणं फुकट आहे. फडात त्याची किंमत पडते, आणि ती तिच्या अंगावरून वसूल होते. मी तिला सगळं समजावून सांगितलं. पुढच्या वेळचे पैसे घेणार नाही म्हटलं. कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिलं की आजच्या तपासणीवरून गर्भारपण थांबलंय असं म्हणता येत नाही, म्हणजे दुसरीकडे कुठे गेलीच तरी तो कागद तिच्या बाजूने बोलेल. ती परत आली नाही. टोळी दुसऱ्या फडावर हलली असेल, दुसऱ्या गावात दाखवलं असेल, किंवा आणखी काही झालं असेल. तिच्या न येण्यावरून मी काहीही ठरवू शकत नाही. पण त्या दिवशी तिच्या थकव्याकडे पाहून मी सोयीचं उत्तर दिलं असतं, तर तो तिच्यावर दया म्हणून केलेला अन्यायच झाला असता, याबद्दल मला शंका नाही.

अभावाला जागा लागते, हाही नैयायिकांचाच मुद्दा. घट ‘इथे’ नाही, एवढंच तुम्ही म्हणू शकता. जावळी खोऱ्यातला, सैन्यभरतीची तयारी करणारा एक मुलगा पोटात दुखतं म्हणून आला होता. डाव्या कुशीत मूत्रपिंड नव्हतं. आतडी येऊन बसली होती तिथे. त्याच्या वडिलांचा चेहरा पाहून मी लगेच काही बोलले नाही. यंत्राचा प्रोब खाली खाली नेत ओटीपोटात आणला, तर मूत्राशयाच्या वर ते मूत्रपिंड निवांत बसलेलं. जन्मापासून तिथेच असणार. गर्भात मूत्रपिंडं ओटीपोटातच तयार होतात आणि मग वर चढतात. त्याचं एक चढलंच नव्हतं. नुसतं जागेवर पाहून ‘डावं मूत्रपिंड नाही’ असं लिहिलं असतं, तर तो शिक्का त्या पोराच्या जन्माला चिकटला असता.

या विद्येचा जन्मच मुळी काळ्या रंगाच्या खऱ्या अर्थापाशी झाला आहे. ग्लासगोतले स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ च्या उन्हाळ्यात शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून जवळच्या रेनफ्रू इथल्या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात नेल्या. लोखंडाच्या सांध्यातल्या भेगा ध्वनीने शोधण्याचं यंत्र तिथे होतं. भरीव गाठीतून प्रतिध्वनी एका तऱ्हेने येतात आणि पाण्याच्या गाठीतून वेगळ्या, हे त्यांनी त्या यंत्रावर पाहिलं. पुढे टॉम ब्राऊन हा तरुण अभियंता आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर त्यांच्यासोबत आले. ‘लॅन्सेट’ने ७ जून १९५८ च्या अंकात तिघांचा निबंध छापला. त्या काळातली एक रुग्ण या शास्त्राच्या इतिहासात राहून गेली आहे. पोट फुगलेलं, वजन उतरलेलं, आणि जठराचा कर्करोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला आहे असं निदान झालेलं. डोनाल्ड यांच्या यंत्रावर मात्र आत प्रतिध्वनीच नसलेली एक मोठी जागा आणि तिच्याभोवतीची कड दिसली. ती अंडाशयातली पाण्याची गाठ निघाली. काढली, बाई वाचली. जिथे सगळ्यांना रोग भरलेला वाटत होता, तिथे भरीव काही नाही हे कोणाला तरी खात्रीने म्हणता आलं, म्हणून तिचा जीव राहिला.

खात्रीचं ‘नाही’ असं प्राणदानही करतं. पण मला ते बहुतेक वेळा उलट्या दिशेने सांगावं लागतं.

तर्कसंग्रहात अभावाचे चार प्रकार आहेत. त्यातले दोन अण्णांनी शिकवले तेव्हा मला नुसते पाठ झाले, कळले नाहीत. प्रागभाव म्हणजे वस्तू उत्पन्न होण्याआधीचं तिचं नसणं. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. वस्तू आली की तो संपतो. प्रध्वंसाभाव म्हणजे वस्तू नष्ट झाल्यानंतरचं तिचं नसणं. त्याला सुरुवात आहे, पण शेवट नाही. फुटलेला घट पुन्हा होत नाही. दुसरा घडवला तर तो दुसराच असतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे व्याकरणातल्या नियमासारखं वाटलं होतं.

मग एक बाई आली. शिक्षिका. पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी होती, गर्भाचा काही संबंध नव्हता. सहायक मुलीने फॉर्म भरताना विचारलं, “मुलं किती?” त्या म्हणाल्या, “तीन.” आणि मग, “म्हणजे दोन आहेत.” मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ओळख पटली. कितीतरी वर्षांपूर्वी नवव्या आठवड्यात मीच त्यांना सांगितलं होतं की ठोके थांबले आहेत. त्यानंतर त्यांना दोन्ही मुलं झाली, मोठी झाली, शिकायला पुण्याला गेली. ते तिसरं, खरं म्हणजे पहिलं, त्यांच्या मोजणीत अजून होतं. कोणाच्याही येण्याने ती जागा भरली नव्हती. त्या दिवशी मला त्या व्याख्येचा अर्थ पोचला.

प्रभाकर मीमांसक म्हणतात की अभाव असा वेगळा पदार्थ नाहीच. घट नसणं म्हणजे नुसती मोकळी जमीन. तर्काला हे सुटसुटीत आहे, आणि अण्णांनाही मनातून प्रभाकरांच्या काटकसरीचं कौतुक होतं. मी त्या बाबतीत पूर्ण नैयायिक आहे. त्या बाईंच्या ‘तीन’मध्ये मोकळी जमीन नव्हती. तिथे एक नसणं होतं, त्याला तारीख होती, आणि ते त्यांच्यासोबत राहत होतं. म्हणून आमच्याकडे कोणी अशा बाईला ‘अगं, अजून काही झालंच नव्हतं, दुसरं होईल’ असं म्हणायला लागलं, की मी मध्येच थांबवते. तिथे खोटं सांत्वन आहेच, शिवाय ते वस्तुस्थितीलाही धरून नाही.

आता दुसऱ्या एका ‘नाही’बद्दल. ते महाराष्ट्राच्या जिव्हारी लागलेलं आहे. माझ्या केंद्राच्या भिंतीवर, कायद्याने लागतो म्हणून आणि मला हवा म्हणूनही, एक फलक आहे : इथे गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही, तो गुन्हा आहे. महाराष्ट्राने हा कायदा १९८८ मध्ये केला, देशात सर्वांत आधी. तेव्हा मुख्य भीती गर्भजल परीक्षेची होती. मुंबईत कार्यकर्त्यांनी, डॉक्टरांनी, स्त्री-संघटनांनी त्यासाठी लढा दिला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. तोवर सोनोग्राफी गावोगावी पोचायला लागली होती, आणि जे काम सुईने व्हायचं ते आता सुईशिवाय होऊ लागलं. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३. २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात त्या वर्षी ८०७. कायदा असूनही आकडा उतरत गेला, आणि तो उतरवणाऱ्या हातांत माझ्याच व्यवसायातले हात होते. हे मी कोणत्याही बैठकीत, कोणासमोरही म्हणते.

या आकड्यांवर समाजशास्त्राने पुष्कळ लिहिलं आहे. मला त्यात न्यायशास्त्राचा एक मुद्दा दिसतो आणि तो मला कधीच नुसता पुस्तकी वाटला नाही. कोणताही अभाव कशाचा तरी अभाव असतो. ज्याचा अभाव, त्याला प्रतियोगी म्हणतात. प्रतियोगी मनात असल्याशिवाय अभाव दिसतच नाही. घट शोधत आलेल्यालाच ‘घट नाही’ दिसतं. दुसऱ्याला जमीन दिसते. माझ्या पडद्यावर पाचव्या महिन्यात पूर्ण घडत आलेलं मूल असतं. मेंदूचे दोन्ही भाग, हृदयाचे चार कप्पे, मणक्यांची ओळ, बोटं मिटलेली मूठ. खोलीबाहेर बाकावर बसलेल्या एखाद्या आजीच्या मनात मात्र मुलगा ठाण मांडून बसलेला असतो. जी मुलगी आत आहे, ती तिच्यासाठी कोणी नाहीच. ती फक्त ‘मुलगा नाही’ आहे. तो प्रतियोगी गर्भात नसतो, पाहणाऱ्याच्या मनात असतो. एका जित्याजागत्या मुलीला दुसऱ्या कोणाच्या अनुपस्थितीचं नाव देणं, यापेक्षा मोठा ज्ञानाचा अपराध मला माहीत नाही. साताऱ्यात हे नाव अक्षरशः दिलं जात होतं. २०११ च्या ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्यात २८५ मुलींची ‘नकुशी’ ही नावं एका कार्यक्रमात बदलण्यात आली. मुलींनी स्वतःसाठी नवी नावं निवडली. ती बातमी वाचून मी रडले होते.

“पिंडाला कोण?” असं मला एकदा एका वयस्कर मावशींनी विचारलं होतं. रागाने नाही, खऱ्या काळजीने. मी त्यांना सांगितलं, “मावशी, माझ्या वडिलांना अग्नी मी दिला. ते आयुष्यभर शास्त्र शिकवत होते आणि त्यांनीच तसं लिहून ठेवलं होतं.” त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग सुनेला म्हणाल्या, “चल, पाणी पी. घरी जायला उशीर व्हतोय.” त्यांचं मत बदललं की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी त्यांनी मुलगा-मुलगी हा विषय पुन्हा काढला नाही.

आणखी एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो : “मॅडम, जीव आलाय का त्यात?” लोक ठोक्यांबद्दलच विचारत असतात, पण शब्द ‘जीव’ असतो, आणि मी त्या शब्दाला हलक्यात घेत नाही. गर्भोपनिषद सांगतं की सातव्या महिन्यात गर्भाशी जीव जोडला जातो. चरकसंहितेत शुक्र, शोणित आणि जीव यांचा कुशीत संयोग झाला की त्यालाच गर्भ म्हटलं आहे. म्हणजे तिथे जीव पहिल्यापासून. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी गर्भवास यातनांनी भरलेला रंगवला आहे. माझ्या पडद्यावर मात्र बाळ अंगठा चोखत असतं, त्याला उचक्या लागतात, ते जांभई देतं. यातल्या कोणाचं खरं, हे माझं यंत्र सांगू शकत नाही. हालचाल दिसते. यातना दिसत नाही, सुखही दिसत नाही. डोनाल्ड स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि ब्रिटनमधल्या १९६७ च्या गर्भपात कायद्याचे ठाम विरोधक. मी आपल्याकडच्या १९७१ च्या कायद्याच्या बाजूची आहे, कारण त्याआधी बायका कशा मरत होत्या ते माझ्या वरिष्ठांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेच यंत्र, तीच चित्रं, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. चित्राने हा वाद सुटला असता तर कधीच सुटला असता.

माझा धाकटा भाऊ विवेकवादी. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या शिबिरांत तयार झालेला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉक्टरांची हत्या झाली, तेव्हा तो आठवडाभर कोणाशी धड बोलला नाही. तो अण्णांना डिवचायचा : “ताईच्या यंत्रात मेंदू दिसतो, काळीज दिसतं. आत्मा कुठे दिसतो?” अण्णा शांतपणे म्हणायचे, “दिसायला हवा होता, असं कोणी सांगितलं तुला?”

अण्णा हे उदयनाचार्यांकडून घेऊन आले होते. दहाव्या शतकातल्या मिथिलेच्या या नैयायिकाने ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराची बाजू मांडली आहे. ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, या आक्षेपाला त्याचं उत्तर हेच : न दिसण्याने नसणं सिद्ध होतं ते दिसण्याजोग्या वस्तूचं. ईश्वर डोळ्यांना दिसण्याजोगा आहे असं आम्ही कधी म्हटलंच नाही. आमच्या भागात मुलगा व्हावा म्हणून पुड्या देणारे बाबा होते. त्यांच्यासमोर मात्र उदयनाची ही ढाल चालत नाही, आणि अण्णांनी ती त्यांना कधी वापरू दिली नाही. पुडीने मुलगा होत असता, तर ते गावाच्या जन्मनोंदीत दिसलं असतं. तो दावा दिसण्याजोगा आहे. तो दिसत नाही, तेव्हा तो नाही. दर दोन पुड्यांमागे एक मुलगा तसाही होतोच, आणि त्यावर बाबांचं घर चालतं. दाभोलकर सतत सांगायचे की त्यांच्या चळवळीचा देवाधर्माला विरोध नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे. अण्णांच्या मते ही भूमिका तर्काच्या दृष्टीने अगदी काटेकोर होती. भावाला हे ऐकून आश्चर्य वाटायचं. मला वाटायचं नाही.

मी कृष्णेकाठच्या ढोल्या गणपतीला जाते. मनोभावे हात जोडते. पण उदयनाच्या त्या उत्तराने ईश्वर सिद्ध झाला असं मी मानत नाही. एवढंच सिद्ध झालं की ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार समोरच्याला अजून मिळालेला नाही. ‘आहे’ म्हणण्याचा अधिकार मला मिळाला का, हा प्रश्न वेगळा. माझ्या रिपोर्टात मी ‘गॅसमुळे स्वादुपिंड दिसलं नाही’ असं लिहिते, तेव्हा ते निरोगी आहे असंही म्हणत नाही आणि रोगी आहे असंही नाही. काही डॉक्टर माझ्यावर नाराज असतात, रिपोर्टात ‘दिसलं नाही’ फार असतं म्हणून. रुग्णाचे नातेवाईक विचारतात, “म्हणजे नॉर्मल ना?” मी त्यांना बसवून घेते. काय दिसलं, काय दिसलं नाही आणि का दिसलं नाही, हे सांगते. वेळ जातो. बाहेर रांग वाढते.

अण्णांना माझं हे मध्येच थांबणं पटत नसे. त्यांचं म्हणणं, न्यायकुसुमांजली पाचव्या स्तबकापर्यंत जाते आणि तू तिसऱ्यातच बसून राहतेस. पाचव्यात उदयन अनुमान मांडतो : जग हे कार्य आहे, घटासारखं, आणि कार्याला कर्ता असतो. मी म्हणायचे, ज्या ज्या कर्त्याला आपण पाहिलं त्याला देह होता. कुंभाराला हात आहेत म्हणून घट होतो. देहाशिवाय कर्ता, हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता? ते हसायचे आणि म्हणायचे, “हा आक्षेप उदयनाला माहीत होता. त्याने उत्तर दिलंय. तू घाईने वाचलंस.” त्यांच्या प्रतीत, त्या पानाच्या कडेला, त्यांच्या हातची बारीक टिपणं आहेत. काही मला लागतात, काही लागत नाहीत. त्यांचं उत्तर मला अजून पटलेलं नाही. ते चूक आहे, असंही मला दाखवता आलेलं नाही. दवाखाना मिटल्यावर मी सध्या तेच वाचते आहे, या वेळी घाई न करता.